बाहेरून लावलेली कडी काढा!

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या रहिवाशांनो,

सकाळची लोकल गाठायला निघताना आपल्यातल्या काही घरांच्या दाराला बाहेरून कडी लागते, वर कुलूप. आत माणूस असतो. पंचविशीतला मुलगा, कुणाची बहीण, कुणाची आई. शेजाऱ्यांनी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "तो गावाला गेलाय." रात्रीचा आरडाओरडा शेजाऱ्यांनाही ऐकू आलेला असतो, पण तेही मान डोलावतात. या दुहेरी समजूतदारपणाच्या विरोधात हे पत्रक आहे.

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर कुणाच्या पापामुळे होत नाही, आईच्या लाडामुळेही नाही. आजार झाला यात घरच्यांचा दोष नाही. उपचारांना वर्षानुवर्षं उशीर होतो, त्यात मात्र आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात गंभीर मानसिक आजार असलेल्या दर चौघांपैकी जवळपास तिघे उपचारांबाहेर आढळले.

हा उशीर कसा होतो, ते आपल्याला पाठ आहे. मुलगा कॉलेज सोडतो, अंघोळ सोडतो, शेजारचे आपल्याबद्दलच बोलतात म्हणतो. सहा महिने "अभ्यासाचं टेन्शन" यातच जातात. मग मामा सांगतो, बाहेरचं काहीतरी असेल. उतारा होतो, भगत होतो, गडाच्या वाऱ्या होतात. आमचं श्रद्धेशी भांडण नाही. मलंगगड चढा, चालियाचे उपास धरा, फक्त गोळी चुकवू नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं हा मात्र महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 रोजी झोपडीला आग लागली आणि साखळदंडात अडकलेले 28 मनोरुग्ण गेले. त्यांना तिथे नेऊन ठेवणारे बहुतेक घरचेच होते.

आणि मग आत्या तोडगा काढते, "लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल."

आमचा खरा राग इथे आहे. मुलगी आजारी असेल तर पाहण्याच्या कार्यक्रमाआधी तिच्या गोळ्या बंद करतात, कारण गोळ्यांनी झोप येते, वजन वाढतं. हळदीला ती छान हसते. सत्यनारायण होतो, पाहुणे पांगतात आणि तिची झोप उडते. दोन-तीन महिन्यांत सासरचे तिला आणि तिच्या बॅगेला माहेरी आणून सोडतात. मुलगा आजारी असेल तर गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत जातात, फाइल साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटावर. नवी सून एक दिवस कपाटावरची धूळ पुसायला स्टुलावर चढते. मग सगळं घर तिलाच म्हणतं, हिच्याच पायगुणाने याचं बिघडलं! आजार लपवून लावलेलं लग्न हिंदू विवाह कायद्यानुसार न्यायालयात रद्द होऊ शकतं, हे आत्याबाईंना कुणीतरी सांगा. आजारी माणसाने लग्न करू नये असं आमचं म्हणणं नाही. समोरच्याला सांगून करावं, आणि उपचार चालू ठेवून.

शेवटचा टप्पा ठाण्याचा. 1901 पासून तिथे सरकारी मनोरुग्णालय आहे, आपल्यापासून तासाभरावर. माणूस बरा होतो, डॉक्टर घरी न्यायला सांगतात आणि नातेवाईक येत नाहीत. काहींनी दाखल करताना पत्ताच खोटा दिलेला असतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणावरून कुणाला रुग्णालयात ठेवता येत नाही. पण कायदा दार उघडून देईल, ताट कोण वाढणार?

बदलापूरहून पुढे, याच रेल्वेवर, कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांच्या 'श्रद्धा' संस्थेचं केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून ते त्यांना घरी पोहोचवतात. 2018 साली वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परक्या माणसाला त्याचं गाव शोधून सोडायला दुसऱ्या राज्यात जाणारे लोक इथे आहेत, आणि आपल्याला ठाण्याला जाऊन सख्ख्या भावाला आणणं जमत नाही! पुण्यात 'सा' ही संस्था उभी करणारे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया आहे हे त्यांनी लपवलं नाही, उलट याच आजारावरच्या 'देवराई' सिनेमामागे उभे राहिले. पैसा आणि सवड त्यांच्याकडे जास्त होती, हे मान्य. खरं बोलायला मात्र पैसा लागत नाही.

सांभाळणाऱ्यांचे हाल आम्हाला ठाऊक आहेत. वन रूम किचनमध्ये रात्रभर येरझाऱ्या घालणारा माणूस सांभाळायचा आणि सकाळी कामावर उभं राहायचं, हे बोलण्याइतकं सोपं नाही. म्हणूनच एकट्या आईवर टाकू नका. औषधाचा वार एकाने घ्या, ओपीडीची रांग दुसऱ्याने. चहातून चोरून गोळी देण्याऐवजी महिन्याच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. टोमणे बंद करा. सतत टीका होणाऱ्या घरात आजार लवकर उलटतो, हे लंडनच्या जॉर्ज ब्राऊन यांच्या अभ्यासापासून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तीच गत शेजाऱ्यांची. जिन्यात "काय रे सर्किट" म्हणणारी तुमची मुलं आवरा.

मतं मागायला येणाऱ्यांना एवढंच विचारा: आपल्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, आणि गोळ्या महिनाभराच्या मिळतात का? उत्तर आलं नाही तर मत कशाला द्यायचं?

केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक 14416. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. ज्या घराला कडी आहे असं तुम्हाला माहीत आहे, त्या घरी हे पत्रक आजच द्या. दाराखालून सरकवू नका, हातात द्या.

— याच तीन शहरांतले, घरात मनोरुग्ण असलेले काही नातेवाईक