फारसीचा ठसा : शब्दांचा आणि सुरांचा

मराठीवरील फारसी प्रभावाची चर्चा प्रायः शब्दसंग्रहापाशीच थांबते. माधवराव पटवर्धन यांच्या 'फारसी-मराठी कोशा'ने (१९२५) त्या अभ्यासाला भक्कम आधार दिला. परंतु आघात व सुरावली हे अंग उपेक्षितच राहिले. फारसीत 'मर्दी' या शब्दाच्या अंत्य अक्षरावर आघात आला तर 'पौरुष', आद्य अक्षरावर आला तर 'कुणी एक पुरुष' असा अर्थ होतो. लेखन मात्र दोहोंचे एकच. मराठीत आघाताला असे अर्थभेदक स्थान सहसा नाही. विधानाचा प्रश्न मात्र दोन्ही भाषांत केवळ चढत्या सुराने होऊ शकतो. तेव्हा फारसी शब्द स्वीकारताना मराठीने त्याचा आघात राखला की आपल्या उच्चारात जिरवला, हा प्रश्न केवळ जुन्या दप्तरांवरून सुटणारा नाही. याबाबत लिपी मुकी आहे. छत्रपती संभाजीनगरात मराठी व दखनी शतकानुशतके शेजारी नांदत आल्या आहेत. मराठवाड्यातील मराठी विभागांनी दोन्ही भाषांच्या वृद्ध भाषकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करणे, हे म्हणूनच निकडीचे संशोधनकार्य होय. शब्द कोशात उरतो. बोलणाऱ्याचा सूर त्याच्याबरोबरच जातो.