पेंगणाऱ्या टॅक्सीवाल्याला बोल लावू नका

रविवारी सकाळच्या मिस्साला मागच्या बाकावर एखादा टॅक्सीवाला पेंगताना दिसला की कुजबुज सुरू होते, "प्रभूसाठी एक तासही जागवत नाही!" प्रिय बंधुभगिनींनो, हा दोषारोप आम्हाला मान्य नाही.

आपल्या हैदराबादेत शमशाबादहून आखाताकडे जाणारी कितीतरी विमाने रात्री उशिरा, पहाटे सुटतात. त्यांतून आपल्याच घरची माणसे जातात. त्यांना विमानतळावर सुखरूप सोडणारा रात्रभर जागा असतो. परतीचे भाडे मिळाले नाही, तर रिकामी गाडी स्वतःच्या इंधनावर आणतो. कमिशन आणि कर्जाचा हप्ता वजा जाता उरेल ते घरी नेतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे ८ तास ठरवले. पण चालकाला 'कामगार' न म्हणता 'भागीदार' म्हटले की तो कायदा गाडीबाहेरच राहत असे.

ख्रिस्तजन्माची वार्ता प्रथम कोणाला मिळाली? रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. देवदूत त्यांच्या कामाच्या जागी गेला, त्यांच्या वेळेला गेला. आपण मात्र आपली वेळ सोडायला तयार नाही.

धर्मसभेच्या कायद्यातील कलम १२४८ प्रमाणे शनिवार संध्याकाळची किंवा रविवारची कोणतीही मिस्सा चालते. मग रविवारी दुपारी ४ वाजता, त्याची झोप झाल्यावर, एक मिस्सा ठेवायला हरकत कोणती? धर्मग्राम समितीने याचे उत्तर द्यावे. आणि आपण गाडीतून उतरताना दहा रुपयांसाठी हुज्जत घालण्याऐवजी "भाऊ, जेवलात का?" एवढे तरी विचारावे. उपदेश नंतर करू, आधी वेळ बदलू.