लंगडत खेळणारा गडी

मुलांनो, पाय मुरगळला असताही मैदान न सोडणारा गडी आपणां सर्वांना थोर वाटतो. त्याच्यासाठी टाळ्या वाजतात, शिक्षकही त्याची पाठ थोपटतात. माझे मत मात्र आता निराळे झाले आहे. ते का, हे सांगण्यासाठी तुम्हांला हॉलंडच्या एका फुटबॉलपटूची हकिकत सांगितली पाहिजे.

मार्को व्हान बास्टन हा १९६४ साली युट्रेक्ट शहरी जन्मला. सतराव्या वर्षीच तो ॲमस्टरडॅमच्या आयॅक्स या नामांकित संघातून खेळू लागला. उंच, सडपातळ बांधा. पण चेंडू पायाशी आला की त्याच्या हालचालींत नर्तकाचे लाघव येई. दिनांक २५ जून १९८८ रोजी म्युनिकच्या ऑलिंपिक मैदानावर युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना होता. प्रतिस्पर्धी सोव्हिएत रशिया. पलीकडच्या कडेने उंच आलेला चेंडू जमिनीला टेकू न देता त्याने उजवीकडच्या अरुंद कोनातून असा हाणला की, दसायेवसारखा कसलेला गोलरक्षक केवळ पाहत राहिला! त्या गोलाचे चलच्चित्र तुम्ही अवश्य पाहा.

ते पाहताना कोणाला वाटणारही नाही, पण त्याचा घोटा त्यापूर्वीच दुखावलेला होता. १९८६ च्या डिसेंबरात एका सामन्यात ही दुखापत झाली. खेळल्याने ती वाढणार नाही, असे त्याला सांगण्यात आले आणि तो खेळत राहिला. १९८७ च्या मे महिन्यात अथेन्स येथे त्याच्याच गोलाने आयॅक्सने युरोपीय चषक-विजेत्यांचा चषक जिंकला. सारे आनंदले. घोट्याचे दुःख घोट्यापाशीच राहिले.

आपल्या सांध्यांत हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. म्हणून त्वचेवरची जखम जशी भरून येते, तशी कूर्चा भरून येत नाही. ती झिजली की हाडावर हाड घासू लागते. पुढे इटलीतील मिलान संघाकडून खेळताना व्हान बास्टनच्या घोट्यांवर वारंवार शस्त्रक्रिया झाल्या. युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला तीनदा मिळाला, तिसऱ्यांदा १९९२ साली. त्यानंतर दिनांक २६ मे १९९३ रोजी, त्याच म्युनिकच्या मैदानावर, तो अखेरचा सामना खेळला. त्या वेळी त्याचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. दोन वर्षे उपचारांत गेली. १९९५ च्या ऑगस्टमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. ज्याच्या चपळाईला तोड नव्हती, तो रात्री अंथरुणातून स्नानगृहापर्यंत रांगत जाई, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे.

१९८७ साली त्याला सक्तीने बसविले असते, तर सारे टळले असते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. प्रतिपक्षाचे गडी त्याच्या पायांवर निर्दयपणे तुटून पडत, हेही खरेच. शिवाय खेळण्यास तो स्वतः राजी होता. परंतु बावीस वर्षांचा तरुण राजी नसेल तर काय? चषक समोर दिसत असता कोणता खेळाडू ‘मला बसवा’ म्हणेल? ते म्हणणे भोवतालच्या वडीलधाऱ्यांचे काम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तुमच्यापैकी कोणी दुखरा पाय लपवून खेळत असेल, तर त्याला मी शूर म्हणणार नाही. त्याने तो लपवावा असे ज्यांनी त्याला शिकविले, त्यांना मी बोल लावीन.

त्यांत मीही येतो. मी मुख्याध्यापक असताना आमच्या शाळेचा एक मुलगा सुजलेल्या घोट्याने आंतरशालेय सामना शेवटपर्यंत खेळला. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी त्याला सर्वांसमोर उभे केले आणि त्याच्या धैर्याची वाखाणणी करून एक पुस्तक बक्षीस दिले. ते घ्यायला तो लंगडतच पुढे आला होता. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पायाला काय झाले आहे, हे मात्र मी त्याला विचारले नाही.