गाडीचं वय बघता, तब्येत कोण बघणार?

सरकारच्या लेखी गाडीला तब्येत नसते, फक्त वय असतं. पंधरा झाली की म्हातारी, वीस झाली की डबल फी, आणि पन्नास झाली की एकदम 'विंटेज', देशाचा वारसा! मधली तीस वर्षं तिने कुठे तोंड लपवून काढायची, ते कुणी सांगत नाही.

विषय काढायचं कारण आमच्या घरामागच्या शेडमध्ये उभं आहे. १९७७ ची प्रीमियर पद्मिनी. एका डॉक्टरांच्या गोठ्यात बारा वर्षं कडब्याखाली पडून होती. तीन वर्षं झाली, रविवार आणि सुट्ट्या घालून काम चाललंय. खालचा पत्रा सडलेला होता, कापून नवीन जोडला. इंजिन उतरवून बोअर करून घेतलं. ब्रेकचे व्हील सिलिंडर, किंगपिन, रेडिएटर, डायनामो, सगळं झालं. स्टिअरिंगखालच्या हातगिअरने मात्र तीन महिने छळलं. दुसरा टाकायला गेलं की चौथाच पडायचा. शेवटी आमच्या मिस्त्रींनी लेथवर पितळेचे बुश करून घेतले तेव्हा सुधारला. आता राहिलंय ते छताचं कापड, मागच्या काचेचं बिडिंग आणि बंपरचं निकेल. महिन्याभराचं काम. गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते.

आणि तरीही ती रस्त्यावर आणता येत नाही. कारण कागद.

गाडीचा नंबर 'एमएच' मालिका यायच्या आधीचा, जुन्या तीन अक्षरांचा. नोंद हाताने लिहिलेल्या रजिस्टरात. ऑनलाइन 'वाहन' प्रणालीत ती चढलेलीच नाही. ती नाही म्हणून नवी सुरक्षा नंबरप्लेट बुक होत नाही. प्लेट नाही म्हणून मालकी बदलून मिळत नाही. नोंद चढवायची तर म्हणे मूळ रजिस्टर दाखवा. रजिस्टर कुणाकडे? कार्यालयाकडे! मधे जिल्ह्याचं विभाजन झालं, दप्तर इकडून तिकडे गेलं. इकडचे म्हणतात तिकडे विचारा, तिकडचे म्हणतात इकडे आलंच नाही. माझ्याकडे मूळ आरसी बुक आहे, शिक्क्यासकट. ते चालत नाही. ज्यांचं दप्तर हरवलं ते खुर्चीत, आणि ज्याने कागद जपला तो रांगेत!

बाहेर उभा असलेला 'मदतनीस' मात्र एका आठवड्यात करून देतो म्हणाला. म्हणजे होतं तर. फक्त खिडकीतून होत नाही.

आता फीचं बघा. पंधरा वर्षांवरच्या कारची नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवायची फी आधी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० केली. जीएसटी वेगळा, हरित कर वेगळा, उशिराचा दंड वेगळा. बरं, दोन वर्षं कळ काढून पन्नाशी गाठावी, तर २०२१ च्या विंटेज नियमात बसता येतं. पण त्यात अट अशी की गाडी रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर. मोठ्या शहरातल्या गॅरेजात बारा गाड्या झाकून ठेवणाऱ्या शेठला हा नियम छान आहे. मला आईला दवाखान्यात न्यायचंय, रविवारी बाजार करायचाय. ते बसत नाही.

कुणीतरी म्हणेलच, पत्रकार महाशय, प्रदूषणाचं काय? रास्त प्रश्न आहे. कार्बोरेटरची, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेली गाडी एका किलोमीटरमागे नव्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते, हे मी नाकारत नाही. पण महिन्याला शंभर किलोमीटर फिरणारी माझी पद्मिनी आणि रोज दोनशे फिरणारी, न सर्व्हिस केलेली दहा वर्षांची जीप, यात गावाची हवा कोण जास्त बिघडवतं? मोजा ना! पीयूसीचं यंत्र त्यासाठीच आहे. नळी सायलेन्सरमध्ये घाला, आकडा बघा, नापास झाली तर उभी करा. पण आपल्याकडे पीयूसी कशी निघते ते वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. गाडी घरी असते आणि पावती हातात येते. मोजायचं काम धड करायचं नाही, म्हणून वयावर फी लावायची. हे पर्यावरण नाही, ही वसुली आहे.

'श्रीमंतांचे चोचले' म्हणणाऱ्यांनाही हिशेब देतो. गाडीसकट आजवर १ लाख ९० हजार गेले, तीन वर्षांत. हा पैसा कुठल्या शोरूममध्ये गेला नाही. डेंटर, पेंटर, लेथवाला, रेडिएटरवाला, सीट शिवणारे कुशनवाले, सगळे आपल्याच बाजारपेठेतले. मिस्त्रींचं वय एकाहत्तर. प्लगचा रंग बघून मिश्रण जाड की पातळ ते सांगतात. त्यांच्या हाताखाली एकही पोरगा नाही, कारण पोराला माहीत आहे की या गाड्या सरकारलाच नकोत. एकीकडे कौशल्य विकासाचे फलक लावायचे आणि दुसरीकडे असलेलं कौशल्य उपाशी मारायचं.

ही गाडी परदेशी साहेबाची मिरवायची वस्तू पण नाही. आराखडा इटलीच्या फियाटचा, पण बनली कुर्ल्यात, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या कंपनीत. १९७४ पासून तिला पद्मिनी नाव मिळालं. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली तेव्हा आम्ही पेपरवाल्यांनी रकानेच्या रकाने अश्रू ढाळले. जी चालू स्थितीत गावात उभी आहे तिच्यासाठी दोन ओळी नाहीत.

मागणी अवघड नाही. जिल्ह्यात महिन्यातून एक दिवस जुन्या नोंदींचा कॅम्प लावा. मूळ आरसी बुक आणि चॅसिस नंबर जुळला की नोंद चढवा. फी वयावर न लावता तपासणीच्या निकालावर लावा.

निवेदन लिहून तयार आहे, येत्या सोमवारी परिवहन अधिकाऱ्यांना देणार आहोत. ज्यांच्या घरी जुनी फियाट, अँबेसेडर, जीप, बुलेट, राजदूत, लॅम्ब्रेटा काहीही अशीच अडकली असेल, त्यांनी कमेंटमध्ये गाडी, साल आणि तालुका टाका. नंबर इथे टाकू नका, इनबॉक्समध्ये पाठवा. आणि पैसे देऊन नोंद चढवून घेतली असेल तर तेही कळवा, नाव येणार नाही.