अबोल सुधारणा आणि घरचा प्रिंटर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नित्याची देखभाल थांबवली, आणि ज्या असंख्य घरांत एकच प्रिंटर दोन-तीन संगणकांच्या सेवेत वर्षानुवर्षे निमूटपणे राबत होता, त्या घरांपुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. प्रिंटर ज्या संगणकाला यूएसबीच्या तारेने जोडलेला असतो, त्यावरून कागद पूर्वीसारखाच छापून येतो. परंतु आतल्या खोलीतील ज्या दुसऱ्या संगणकावरून काल-परवापर्यंत मुले आपले प्रकल्प आणि वडीलधारी माणसे आपले हिशेब छापीत होती, त्यावरून हुकूम सोडला असता तो एक तर रांगेत अडकून पडतो किंवा कसलासा आकडा दाखवून नामंजूर होतो. यंत्र धडधाकट, शाई पुरेशी, कागद जागेवर, तार शाबूत. आणि तरीही काम होत नाही. अशा वेळी प्रिंटरच निकामी झाला असे मानून तो माळ्यावर टाकण्याची आणि नवा विकत आणण्याची जी प्रवृत्ती सर्वत्र दिसते, ती मला अत्यंत चुकीची वाटते. प्रिंटर निर्दोष आहे आणि घरची माणसेही निर्दोष आहेत. प्रणालीच्या कर्त्यांनी दोन संगणकांमधील विश्वासाचे नियम बदलले. ते बदलण्यास सबळ कारण होते. परंतु ज्याच्या घरात ते अंमलात यावयाचे, त्या गृहस्थाला मात्र त्यांनी त्यांतले काहीच सांगितले नाही.

ही बाब क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. सात-बाराचा उतारा डिजिटल स्वाक्षरीसह घरबसल्या मिळू लागला असला, तरी तो कर्जाच्या अर्जास जोडावयाचा म्हटला की कागदावरच उतरवावा लागतो. प्रवेशाचे अर्ज, प्राप्तिकराच्या विवरणपत्राची पोच, जामिनासाठी द्यावयाच्या ओळखपत्रांच्या प्रती, या सर्वांचा शेवट आजही छापील दस्तऐवजातच होतो. मुदतीच्या आदल्या रात्री घरचा प्रिंटर अडून बसला तर तालुक्याच्या गावी झेरॉक्सचे दुकान उघडण्याची वाट पाहण्यापलीकडे मनुष्याच्या हाती काही उरत नाही.

एका प्रिंटरवर अनेकांनी छापावे ही कल्पना संगणकांच्या जाळ्याइतकीच जुनी आहे. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात, इथरनेट ही जोडणीची पद्धत आकारास आली तेव्हा अनेक संगणकांना एकच लेझर प्रिंटर वापरता यावा ही तिच्यामागील एक प्रमुख गरज होती. पुढे घराघरांत संगणक आले आणि २००१ च्या विंडोज एक्सपीने घरगुती वापरासाठी हा व्यवहार फारच सोपा करून ठेवला: जाळ्यावरून जो कोणी येईल तो ‘गेस्ट’, म्हणजे पाहुणा, समजावा आणि त्याला छापू द्यावे. एखाद्या शेतातून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पाऊलवाट ज्याप्रमाणे कोणाच्याही लेखी परवानगीवाचून वापरात असते, त्याचप्रमाणे ही देवाणघेवाण केवळ वहिवाटीने चाललेली होती. २००९ च्या विंडोज ७ मध्ये ‘होमग्रुप’ नावाची व्यवस्था आली, तिच्यात साऱ्या घराला मिळून एक पासवर्ड असे; सामान्य कुटुंबाला समजेल आणि पेलेल अशी ती बहुधा एकमेव व्यवस्था होती, आणि २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका सुधारणेबरोबर तीही काढून टाकण्यात आली.

वहिवाट बंद करण्याचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण त्यावाचून पुढचा सारा विचार एकांगी होतो. छपाईच्या रांगेचा कारभार पाहणारा ‘स्पूलर’ नावाचा जो कारकून विंडोजच्या पोटात बसलेला असतो, त्याला प्रणालीतील सर्वोच्च अधिकार असतात; आणि कारकुनाच्या हाती राजमुद्रा असली की चोर त्यालाच गाठतो. २०१० मध्ये इराणच्या अणुप्रकल्पातील यंत्रांवर घाला घालणारा स्टक्सनेट हा विषाणू ज्या मार्गांनी पसरला, त्यांपैकी एक मार्ग सामायिक प्रिंटरच्या स्पूलरमधील छिद्राचा होता. २०२१ च्या जून-जुलैत ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने जे छिद्र उघडकीस आले, ते इतके घातक होते की ज्या विंडोज ७ ची देखभाल जानेवारी २०२० मध्येच संपली होती, तिच्यासाठीसुद्धा कंपनीला तातडीची दुरुस्ती काढावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला त्या यंत्राशी बोलायला लावणारी आज्ञावली, जाळ्यावरून उतरवून घेण्यास प्रशासकाचा अधिकार सक्तीचा झाला, आणि सप्टेंबरमध्ये दोन संगणकांमधील छपाईचे संभाषण गुप्त, सांकेतिक स्वरूपातच झाले पाहिजे असे बंधन आले. विंडोज ११ च्या २०२२ मधील आवृत्तीत हे संभाषण जुना मार्ग सोडून नव्या मार्गाने चालू लागले; २०२४ च्या आवृत्तीत, निदान तिच्या ‘प्रो’ प्रकारात, पाहुण्याच्या नात्याने दुसऱ्या संगणकात शिरण्याची सोय मुळातच बंद झाली. यांपैकी कोणताही बंदोबस्त मला अनावश्यक वाटत नाही. ज्या संगणकावरून आपण बँकेचे व्यवहार करतो, त्याच संगणकाचे मागचे दार छपाईच्या सोयीखातर सताड उघडे असावे, असे कोणता शहाणा मनुष्य म्हणेल?

परंतु सात-आठ वर्षांत तुकड्यातुकड्यांनी आलेले हे नियम सामान्य घराला एकाच संध्याकाळी भेटतात, कारण घरातील एक संगणक विंडोज ११ वर जातो आणि दुसरा, त्याचा प्रोसेसर जुना असल्यामुळे किंवा त्यात टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे, मागेच राहतो. एकाच छपराखाली दोन पिढ्यांचे दोन कायदे नांदू लागतात. आणि त्यांचा तंटा गृहस्थाला कळतो तो कसा, तर ‘०एक्स०००००११बी’ अशा एका आकड्याने! या आकड्याचा अर्थ वस्तुतः साधा आहे: समोरचा संगणक सांकेतिक संभाषणाचा आग्रह धरतो आहे आणि विचारणारा संगणक त्या रीतीने बोलत नाही, दोघांवरही अलीकडच्या दुरुस्त्या बसवल्या की बहुधा हे भांडण मिटते. हे एक वाक्य मराठीत लिहिण्यास कोणती अडचण होती? विंडोजचा दर्शनी भाग मराठीत करून घेता येतो, तिचे बटणांवरचे शब्द मराठी होतात. पण जेथे मनुष्य खरोखर अडतो तेथे त्याच्या हाती आकडाच येतो.

याहूनही मला व्यथित करते ती पिनची गोष्ट. नवा संगणक प्रथम सुरू करताना प्रणाली मायक्रोसॉफ्टचे खाते मागते आणि लगोलग चार-सहा अंकांचा पिन ठरवण्याचा आग्रह धरते. त्यानंतर मनुष्य रोज तो पिन देऊनच आत जातो आणि खात्याचा मूळ पासवर्ड काही महिन्यांत विसरून जातो. मग एके दिवशी दुसऱ्या संगणकावर एक चौकट उघडते, नाव आणि पासवर्ड मागते. घरातील आजी किंवा आजोबा आपल्याला ठाऊक असलेला एकमेव परवलीचा आकडा, म्हणजे पिन, श्रद्धापूर्वक भरतात, आणि तो चुकीचा आहे असे उत्तर मिळते. पिन हा ज्या यंत्रावर ठरवला त्या एका यंत्रापुरताच असतो, जाळ्यावरून तो चालत नाही, ही माहिती त्या चौकटीत कोठेही लिहिलेली नसते. ज्या घरांत संगणकाला पासवर्डच ठेवलेला नसतो त्यांची गत आणखी वाईट, कारण रिकाम्या पासवर्डाच्या खात्याला जाळ्यावरून प्रवेश द्यावयाचा नाही असाही नियम आहे, आणि तोही अबोल आहे. म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या स्मरणशक्तीविषयी शंका येऊ लागावी अशी ही वागणूक आहे, आणि ती निषेधार्ह आहे.

मग संगणक दुरुस्त करणारा मुलगा येतो. तो दहा मिनिटांत छपाई सुरू करून देतो, पैसे घेतो आणि जातो. सारे घर त्याला दुवा देते. त्याने केलेले असते ते असे की, रजिस्ट्री या प्रणालीच्या मूळ दफ्तरात एक नोंद शून्य करून सांकेतिक संभाषणाची सक्ती उठवली, फायरवॉल बंद केली, पासवर्डाची अट काढून टाकली, आणि कधी कधी तर २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जिच्यातून जगभर संचार केला, ती एसएमबी १ ही जीर्ण पद्धतही पुन्हा जागी केली. त्या मुलाला मी दोष देत नाही, त्याला घाई असते आणि गिऱ्हाइकाला कागद हवा असतो. पण या उपायाला मी दुरुस्ती म्हणणार नाही, आणि वाचकांनी तो आपल्या घरात होऊ देऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

खरा उपाय याहून फारसा कठीण नाही. ज्या संगणकाला प्रिंटर जोडलेला आहे, त्यावर केवळ छपाईसाठी म्हणून एक निराळे स्थानिक खाते उघडावे, त्याला पासवर्ड द्यावा, तो घरातील वहीत लिहून ठेवावा, आणि दुसऱ्या संगणकावर तो एकदाच भरून जतन करावा. पिनचा आणि विसरलेल्या पासवर्डाचा प्रश्न तेथेच संपतो. घरचे वायफाय दोन्ही संगणकांनी ‘प्रायव्हेट’ मानलेले आहे ना हे पाहावे, कारण प्रणाली त्याला ‘पब्लिक’, म्हणजे रेल्वे स्थानकावरच्या जाळ्यासारखे परके, समजू लागली की संगणक एकमेकांना दिसेनासे होतात. ड्रायव्हर जाळ्यावरून येऊ देण्याऐवजी दुसऱ्या संगणकावर प्रशासकाच्या खात्यातून आधीच बसवून घ्यावा. आणि प्रिंटरला स्वतःचे वायफाय असेल तर त्याला कोणत्याही संगणकाचे आश्रित ठेवूच नये. तो थेट राउटरला जोडावा आणि राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा राखून ठेवावा.

ड्रायव्हरचा प्रश्न मात्र गृहस्थाच्या आवाक्याबाहेर जाऊ शकतो. एचपीचा लेझरजेट १०२० किंवा कॅननचा एलबीपी २९०० ही आपल्याकडील हिशेबनिसांच्या आणि वकिलांच्या टेबलांवर हमखास दिसणारी यंत्रे आहेत. त्यांत स्वतःची बुद्धी अल्प, पान आखण्याचे सारे काम संगणक करतो, आणि १०२० ला तर प्रत्येक वेळी चालू केल्यावर त्याचा स्वतःचा आज्ञासंचही संगणकाकडून भरवून घ्यावा लागतो. अशा यंत्राचा ड्रायव्हर गेला की यंत्र मुके होते. त्यातही विंडोज ११ ही केवळ ६४-बिटांची प्रणाली असल्यामुळे, जुन्या ३२-बिटांच्या संगणकाने देऊ केलेला ड्रायव्हर तिच्या उपयोगाचा नसतो. याउलट वाहतूकदाराच्या पेढीवर करकर करीत पावत्या छापणारे डॉट मॅट्रिक्स यंत्र पाहा: एप्सनने त्याच्या आज्ञांची भाषा पुस्तिकेत छापून जगजाहीर केली होती, म्हणून विंडोजच्या किती पिढ्या आल्या आणि गेल्या तरी ते यंत्र कामावर आहे. ज्या यंत्राची भाषा उघड असते ते दीर्घायुषी होते, आणि ज्याची भाषा कंपनीच्या तिजोरीत असते त्याचे आयुष्य कंपनीच्या मर्जीवर चालते.

या गुप्ततेविरुद्धचा पहिला मोठा लढासुद्धा एका सामायिक प्रिंटरपायीच सुरू झाला. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन या तरुणाने जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलीत अशी सुधारणा केली होती की कागद अडकला की वाट पाहणाऱ्या सर्वांच्या पडद्यावर तशी वर्दी जावी. झेरॉक्सने नवा लेझर प्रिंटर दिला तेव्हा त्याची मूळ आज्ञावली मात्र त्याला नाकारण्यात आली, आणि त्या नकाराने अस्वस्थ झालेल्या स्टॉलमनने १९८३ मध्ये मुक्त आज्ञावलीच्या चळवळीची घोषणा केली. आज त्या चळवळीच्या आश्रयाने वाढलेल्या लिनक्स प्रणालीवर, विंडोज ११ ला अपात्र ठरलेला आपला जुना संगणकसुद्धा, कप्स या छपाईव्यवस्थेच्या साहाय्याने साऱ्या घराचा छपाईसेवक होऊ शकतो. जुन्या प्रिंटरपैकी पुष्कळांना त्यामुळे पुन्हा वाचा फुटते.

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये, निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे ड्रायव्हर आपल्यामार्फत वाटण्याची प्रथा टप्प्याटप्प्याने आवरती घेण्याचा आणि आयपीपी या खुल्या छपाईभाषेवर भर देण्याचा मनोदय जाहीर केला. तत्त्वतः मी त्याचे स्वागत करतो, आणि नवा प्रिंटर घेणाऱ्याने ही भाषा जाणणाराच घ्यावा असे सुचवितो. पण ज्यांनी आधीच मोल मोजले आहे त्यांच्या यंत्रांचे काय, याचे उत्तर कोणी तरी द्यावयास हवे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘दुरुस्तीच्या हक्का’चे संकेतस्थळ उघडले, तेव्हा त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि वाहने यांचा विचार झाला. प्रिंटरच्या खोक्यावर त्याचा ड्रायव्हर कोणत्या सालापर्यंत पुरवला जाईल याची छापील हमी असावी, हा नियमही त्याच विभागाने करावा.

प्रणालीच्या कर्त्यांकडे माझी मागणी याहूनही लहान आहे. सुधारणा सुरू होण्यापूर्वी त्या संगणकाला सारे ठाऊक असते: आपल्याला कोणता प्रिंटर जोडलेला आहे, तो सामायिक आहे की नाही, त्यावर पाहुण्याच्या नात्याने कोण छापतो, खात्याला पासवर्ड आहे की नाही. एवढी माहिती हाती असता, उद्यापासून काय चालणार नाही आणि त्यासाठी आज काय करून ठेवावे, हे सांगणारे एक पान त्याने घरच्यांच्या भाषेत तयार करावे, ते त्याच प्रिंटरवर छापून द्यावे, आणि गृहस्थाने ते वाचून संमती दिल्यावरच पुढच्या कामास हात घालावा.