हळू चढणं हा काही गुन्हा नाही



पाऊस उघडला म्हणून कालपासून डवरे चालू आहेत. पऱ्हाटी गुडघ्याला आली. आजची नोंद मात्र वावरातली नाही, बसमधली आहे.

मागच्या आठवड्यात मायला डोळे दाखवायला वर्ध्याला नेलं. फाट्यावरून बस पकडली. मायचे गुडघे गेलेले, त्यात पहिली पायरी उंच. दांडा धरून ती चढत होती, मी मागून आधार देत होतो. तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "ए बुढे, आटप लवकर! चढता येत नसन त घरीच राहत जा." माय अजून दारातच, अन् यानं डबल बेल मारली. मी बोललो तर म्हणे, "एवढंच हाय त स्पेशल गाडी कर." भरल्या गाडीत कोणी तोंड उघडलं नाही.

गाडी कोणाची, कुठली, ते लिहीत नाही. एका माणसाची बदनामी करायला ही पोस्ट नाही.

डॉक्टरनं पंधरा दिवसांनी परत बोलावलं आहे. काल विषय काढला तर माय म्हणते, "मले नाई जाचं बाप्पा. दिसते तेवढं पुरे." म्हणजे त्या एका वाक्यानं म्हातारीचा इलाज थांबला. उद्धटपणाची किंमत ही असते.

कंडक्टर लोकांचा त्रास मला कळतो. गर्दी, सुट्ट्या पैशांची कटकट, रात्रीचे मुक्काम. २०२१-२२ च्या एसटी संपात आपण बहुतेक जण कर्मचाऱ्यांच्याच बाजूनं बोलत होतो, अन् बस नसली की खेड्याचं काय होते तेही तेव्हाच पाहिलं. पण बाजारात कापसाला भाव मिळाला नाही म्हणून मी घरी येऊन बैलाला मारत नाही.

दुसरं, सवलतीचं. एसटीत ७५ वर्षांवरच्या लोकांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत, अन् महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास आहे. त्यावरून 'फुकटवाले' असे टोमणे पारावर आपलीच माणसं मारतात. सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला देते, कोणाच्या खिशातून जात नाहीत.

महाराष्ट्र मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये कंडक्टरनं प्रवाशांशी सभ्यपणे वागावं, असं लिहून ठेवलं आहे. म्हणजे आपण उपकार मागत नाही. असं काही घडलं तर तिथं भांडत बसू नका. गाडीचा नंबर, तारीख, वेळ लिहून घ्या, तिकीट जपून ठेवा. साध्या कागदावर तक्रार लिहून ज्यांची गाडी त्यांच्या ऑफिसात द्या अन् दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मीही दिली आहे. त्याची नोकरी जावी म्हणून नाही; पुढच्या म्हातारीला त्यानं नीट चढू द्यावं म्हणून.

कळंबहून वर्ध्याची रेल्वे २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली खरी, पण ती काही आमच्या फाट्यावर थांबत नाही. आम्हाला बसच. मायला रोज समजावून राहिलो, अजून हो म्हटलं नाही.

तुमच्या गाडीत असं कोणी दारात अडकलेलं दिसलं तर निदान "थांबा" एवढं तरी म्हणा. त्या दिवशी एकानं जरी म्हटलं असतं, तर माय तयार झाली असती.