भोक बुजवण्याआधी आत कोण आहे ते पाहा

सर्व सभासद आणि भाडेकरूंना आवाहन,

पावसाळ्याआधीची डागडुजी आता सुरू होईल. भिंतीतली भोके बुजवायची, जुने पाइप काढायचे, फांद्या छाटायच्या. नेमके हेच दिवस दयाळाच्या विणीचे असतात, साधारण मार्च ते जुलै.

दयाळ आपल्या आवारातलाच, जेमतेम बुलबुलाएवढा. नर काळा कुळकुळीत, पोट पांढरे, पंखावर पांढरा पट्टा, शेपटी बहुतेक वेळ उभारलेली. नर जिथे काळा, तिथे मादी करडी. पहाटे पाण्याच्या टाकीवर बसून लांबलचक शीळ घालणारा, मध्येच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करणारा गवई तो हाच. स्कूटरच्या आरशावर चोची मारून घाण करणाराही तोच, हेही कबूल. आरशात त्याला आपल्या हद्दीत घुसलेला दुसरा नर दिसतो. आरशावर फडके बांधा, भांडण मिटेल.

त्याचे घरटे फांदीवर शोधू नका. झाडाची ढोली, भिंतीतले भोक, बंद पडलेला पाइप अशा जागा त्याला लागतात. आत काड्या, मुळ्या, गवत, केस यांची सैलसर गादी आणि तीवर निळसर-हिरवी, तपकिरी ठिपक्यांची 3 ते 5 अंडी. उबवते एकटी मादी. नर गातो आणि पहारा देतो. पिल्लांना भरवायला मात्र दोघेही राबतात. अंडी घातल्यापासून पिल्ले उडेपर्यंत जेमतेम महिना जातो. तेवढा महिना ते एक भोक सोडा, बाकीची भिंत खुशाल रंगवा.

घरटे आहे की नाही हे कळायला लांब उभे राहून थोडा वेळ पाहिले तरी पुरते. पक्षी चोचीत अळी घेऊन आत शिरला, की समजावे. टॉर्च किंवा मोबाइल आत खुपसू नये.

नुकते उडायला लागलेले पिल्लू खाली दिसले तर ते घरी नेऊ नका. आईबाप आसपासच असतात. वाटेत असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून ते त्याला टाकत नाहीत. मांजरे तेवढी आवरा. आणि दयाळ पकडणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे मुलांनाही सांगा.

घरटे आढळल्यास कार्यालयातल्या वहीत विंग आणि मजला लिहावा. तिथे खडूने खूण करून ते काम शेवटी घेतले जाईल.

– उद्यान समिती